जालिंदर मामांची दोन दारांची गाडी

आमच्या घरात वाहन ही बसायची गोष्ट नव्हती, लटकायची होती. दिवाळी सरली की मुकादमाचा ट्रॅक्टर दारात यायचा. ट्रॉलीत कोपीचे, म्हणजे फडावरच्या झोपडीचे, बांबू, चूल, पिठाचं पोतं, दोन शेळ्या आणि या सगळ्याच्या वर आई-बाप. सहावीपर्यंत मीही त्या ढिगावर बसून ऊसतोडीला गेले. पुढं चुलतीनं मला गावात ठेवून घेतलं म्हणून शाळा टिकली. बारावीनंतर केजच्या कॉलेजात नाव घातलं, तेव्हा आमच्या भावकीत कॉलेजचं फाटक आतून बघितलेलं एकही माणूस नव्हतं. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते.

केजला बसस्टँडच्या मागं पत्र्याच्या चार खोल्या होत्या, एका ओळीत. एकीत मी आणि नर्सिंग करणारी एक मुलगी. शेजारी जालिंदर मामा आणि मामी. नात्यानं माझे कुणी नव्हेत. मामा एसटीचे ड्रायव्हर. माझं गाव त्यांच्या रस्त्यावर पडायचं, त्यामुळं चुलती सकाळी फाट्यावर उभी राहून डबा त्यांच्या हातात द्यायची. मामा तो इंजिनाच्या बोनटवर ठेवायचे, म्हणजे केजला येईपर्यंत गरम राहायचा.

"घे बीएस्सी," डबा देताना म्हणायचे. माझं नाव त्यांनी कधीच घेतलं नाही. "आज बी पिठलंच हाय. वासानं समद्या यष्टीला कळलंय."

तीन वर्षांत तो डबा एकदाही चुकला नाही. तेव्हा या माणसाबद्दल मी पुढं जे काही वैतागून लिहिणार आहे, ते एवढं लक्षात ठेवून वाचावं.

वैतागायला कारणं भरपूर होती. ड्रायव्हरकी त्यांच्या अंगातून उतरतच नसे. एसटीत कंडक्टरनं घंटीचा एक टोल दिला की थांबायचं, दोन दिले की निघायचं. घरातही तेच. चहा पिऊन, बूट घालून मामा उंबऱ्यावर बसायचे आणि मामींनी ताटलीवर चमच्यानं दोनदा टणटण केल्याशिवाय उठायचे नाहीत. एकदा मामी रागात होत्या, त्यांनी एकदाच वाजवलं. हा माणूस उंबऱ्यावर तसाच! मी म्हटलं, "मामा, गाडीला उशीर होतोय." तर म्हणाले, "एक टोल पडलाय. मी काय करू?" शेवटी मीच चमचा घेऊन वाजवला.

दुसरी सवय हाताची. समोरून एसटी आली की एसटीचा ड्रायव्हर हात वर करतो, हे सगळ्यांनी बघितलंय. मामा पायी चालतानाही करायचे. एका हातात मेथीची जुडी, दुसरा हात वर. मी विचारलं, "वळखीचे होते का?"

"वळख कशाला पायजे? लाल हाय की!"

आणि तिसरी गोष्ट, जी मला आजही पटत नाही. मामींचं माहेर तलवाडा. केजहून बीड, तिथून गेवराई, मग तलवाडा, असा लांबचा पल्ला. मामी माहेरी जायच्या त्या गेवराईपर्यंत मामांच्याच बसनं. तर बायकोला पुढची सीट द्यायची नाही, हा मामांचा नेम. "घरच्या माणसाला पुढं बसवलं तर लोक काय म्हनतील?" मामी शेवटच्या बाकावर. बरं, तिथंही बसू द्यायचे नाहीत. म्हातारं माणूस चढलं की आरशात बघून ओरडायचे, "ओ मागच्या निळ्या लुगड्याच्या बाई, उठा जरा!" ती निळ्या लुगड्याची बाई म्हणजे यांची लग्नाची बायको. माहेरी जाताना बहुतेक वाट त्यांनी उभ्यानंच काढलेली.

"एकदा तरी पुढं बसून माहेरी जायचं होतं गं," मामी मला भाकरी थापता थापता म्हणाल्या होत्या. तक्रारीनं नाही, उद्या भाजी काय करायची असं बोलावं तसं.

हे बोलणं मामांनी पलीकडून ऐकलं असणार. कारण पुढच्या महिन्यात ते पुण्याकडं एका लग्नाला गेले आणि ट्रकला टोचन लावून एक गाडी घेऊन आले.

गाडी म्हणजे काय सांगू! वीसेक वर्षांपूर्वीची, परदेशी कंपनीची, दोन दारांची. पुढं दोन सीटा आणि मागं नावापुरती एक फळी, तिच्यावर पिशवी ठेवली तरी पिशवी अवघडून जाईल. जमिनीला इतकी चिकटलेली की आत बसायचं म्हणजे ओसरीवर मांडी घालून बसल्यासारखं. पुण्यात कुणाच्या तरी आवारात ती भंगारात धूळ खात पडली होती, बैलाच्या किमतीत मिळाली. गल्लीतल्या पोरांनी त्याच दिवशी नाव ठेवलं, बेडूक.

"अवो, चार मानसं तरी बसतील अशी घ्यायची," मामी म्हणाल्या.

मामा खुशीत होते. "आविष्यभर पन्नास मानसं पाठीवर घिऊन हिंडलो. त्यात शेळ्या येगळ्या. आता दोनच. तू आन मी. तिसरा चढतो म्हनला तरी दार न्हाई." मग मामींकडं न बघता म्हणाले, "रिटायर झालो की दुसऱ्या दिवशी तलवाड्याला. तू पुढं बसायचं. आख्ख्या तालुक्यात अशी गाडी न्हाई. गाव बघंल."

 संध्याकाळी मामींनी पेटीतून हिरवी साडी काढून उन्हाला टाकली. नेसायला अजून दीड वर्ष होतं.

त्या दीड वर्षात सुट्टीचा प्रत्येक दिवस मामा गाडीखाली होते. रंग लाल, एसटीचाच. "दुसरा रंग मला कळतच न्हाई." गाडी चालू झाली त्या दिवशी पहिली फेरी मारायला मला शेजारी बसवलं, कारण मामी म्हणाल्या, "मी बसन ती माहेरी जातानाच."

आमच्याकडं रस्त्यात कुठं अपघात झाला की गाव सरकारची वाट बघत नाही. रात्रीतून मुरूम आणि डांबराचा आडवा बांध घालून टाकतं. केजपासून मांजरसुंब्यापर्यंतचा असा एकेक ब्रेकर मामांना तोंडपाठ होता. जाता जाता सांगत होते, "हा मोठा, शाळेचा, तिरकी काढू. हा बारका. फुडं हाय तो तर काय, कुत्र्याच्या पाठीवानी, कळत बी न्हाई." आणि त्या न कळणाऱ्या ब्रेकरवर गाडी पोटावर बसली. पुढची चाकं पलीकडं, मागची अलीकडं, मध्ये आम्ही दोघं, तराजूच्या काट्यासारखे डुलत.

तीस वर्षं त्यांनी ते ब्रेकर बसच्या उंचीवरून मोजले होते, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

पारावरची माणसं उठून आली. एकजण म्हणाला, "मामा, बस घिऊन या, ओढून काढू." दुसरा खाली वाकून आत बघत म्हणाला, "बसलेत का झोपलेत रं?" चौघांनी उचलून बेडूक खाली ठेवला. मामांना राग आला असेल असं मला वाटलं, पण गडी खूश.

"हसले ना? हसले म्हंजी चांगलं. हे बघ बीएस्सी, कंच्याबी गोष्टीला लोक आधी हसत्यात. मग गुमान बघत्यात. मग इचारत्यात, कितीला घेतली. हसत्यात तवर आपली. 'कितीला' म्हनले की संपलं."

हा त्यांचा सिद्धांत मी पुढं शंभर वेळा ऐकला.

सुताराकडून त्यांनी बाभळीच्या दोन जाड फळ्या करून घेतल्या. ब्रेकर आला की उतरायचं, चाकांसमोर फळ्या लावायच्या, गाडी चढवायची, पुन्हा उतरायचं, फळ्या उचलून मागं टाकायच्या. शाळेच्या ब्रेकरवर असा सगळा सोहळा चालला असताना मी मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढला आणि टाकून दिला. चूक माझी. कबूल करते.

व्हिडिओ जिल्हाभर फिरला. आठवड्यात लोक खोल्यांसमोर येऊन गाडीभोवती फिरायला लागले. पहिल्यांदा हसले. मग गुमान बघायला लागले. आणि एक दिवस मोबाईल दुकानवाले इरफानभाई गाडीच्या टपावर हात फिरवत म्हणाले, "मामा, कितीला पडली?"

मामांचा चेहरा असा झाला, जणू घरात कुणाचा तरी ताप मोजायला थर्मामीटर काढलंय.

दोन महिन्यांत इरफानभाईंनी निळी आणली. पाटोद्याच्या एका क्लासवाल्यानं काळी आणली. पुण्या-मुंबईच्या आवारांत अशा गाड्या स्वस्तात पडून आहेत, हे एकदा कळल्यावर हौशी लोक थांबतात होय? मामा रोज संध्याकाळी मला विचारायचे, "किती झाल्या?" मी सांगायची, "पाच." "काल चार व्हत्या!" जसं काही मीच विणून काढतेय.

"बुलेटचं काय झालं?" चहाच्या टपरीवर हात उडवून बोलायचे. "आमच्या लहानपनी आख्ख्या इलाख्यात एक फौजदाराकडं. आवाज आला की पोरं पळायची. आता? दूधवाला बुलेटवर. त्यालाच धा मिन्टं हुडकावी लागती आपली कोंची. हिचं बी तसंच व्हनार. लगीन निघालं की मांडवाम्होरं तीन बेडूक हुबे. मग काय राह्यलं?"

टपरीवाला म्हणाला, "मामा, गाडी तीच हाय की. काल पळत व्हती तशीच आज पळतीय. तुमाला का तरास?"

"तुला न्हाई कळायचं. तू समद्यांला एकच च्या पाजतोस."

पोरांनी ग्रुप काढला, बेडूक ग्रुप, बीड जिल्हा. मामांना त्यात 'संस्थापक' म्हणून घातलं. मामा बाहेर पडले. पोरांनी परत घातलं. असं सात वेळा झालं. दर वेळी माझ्या खोलीचं दार वाजायचं, "ए बीएस्सी, काढ गं मला हितून!" परीक्षा तोंडावर आणि मी या माणसाला ग्रुपमधून काढत बसलेय! रस्त्यात निळी गाडी दिसली की इरफानभाई लाईट मारायचे, हात करायचे. मामा मान फिरवून शेताकडं बघायचे. पायी चालताना कुठल्याही लाल बसला हात करणारा माणूस.

मी एकदा चिडून बोलले, "मामा, अहो ती माणसं तुमचं बघून शिकलीत. मान द्यायला हात करतात." तर म्हणाले, "मानाचा काय उपेग? माझं एकलं काय राह्यलं, ते सांग."

रिटायरमेंटचा दिवस आला. डेपोनं त्यांची शेवटची बस झेंडूनं सजवली, नारळ दिला, शाल दिली. मामा हार गळ्यात घालूनच घरी आले. मामींनी रात्रीच पिशवी भरून ठेवली होती. माहेरच्यांसाठी शेंगदाण्याचे लाडू, भावजयीला खण. हिरवी साडी खुंटीला. उद्या सात वाजता निघायचं.

सकाळी ग्रुपवर फोटो आला. पिवळी गाडी, दोन दारांची, हुबेहूब. मागं देवळाचं शिखर आणि खाली लिहिलेलं, 'तलवाड्यात आगमन.' तिथल्या जेसीबीवाल्या रवीनं घेतली होती.

फोटो मामांनी बघितला. बूट काढले. बाहेर जाऊन गाडीवर ताडपत्री टाकली, चारी कोपऱ्यांना विटा ठेवल्या आणि आत येऊन भिंतीकडं तोंड करून आडवे झाले.

"आता काय दावायला जायाचं?" एवढंच बोलले.

मामी पिशवी हातात घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी पिशवीतले लाडू काढून गल्लीत वाटले. मला दोन दिले.  दीड वर्ष गाडीच्या पोटाखाली झोपून ती उभी केली कुणासाठी, आणि रुसून बसला कशासाठी!

चार महिने ताडपत्री हलली नाही. माझा बीएस्सीचा निकाल लागला, पास झाले, पेढे घेऊन गेले. मामांनी पेढा खाल्ला, म्हणाले, "आमच्या खोल्यांतली पयली." तेवढीच एक दिवस कळी खुलली. मी संधी साधून म्हटलं, "मग आता तलवाड्याला?" तर बघतो म्हणाले. दुसऱ्या दिवशी ताडपत्री काढून गाडी चालू केली, क्लच दाबला आणि केबल तुटली. जुनी होती, त्यात उंदरांनी कुरतडलेली. पुण्याच्या दुकानाला फोन केला. ते म्हणाले, या गाडीची केबल आता कुठं मिळायची? विसरा.

"बघ," मामा म्हणाले, जणू त्यांचंच म्हणणं खरं ठरलं. "नशिबातच न्हाई तिच्या."

आता माझं डोकं फिरलं. मी न विचारता ग्रुपवर लिहिलं, मामांच्या गाडीची क्लच केबल तुटलीय, कुणाकडं आहे का. पाच मिनिटांत उत्तर. तलवाड्याच्या रवीचं. एवढ्या गाड्या झाल्यात तर सुटे भाग एकदमच मागवून ठेवू म्हणून सगळ्यांनी मिळून एका कारागिराकडून दहा केबली बनवून घेतल्या होत्या. 'एक जादा आहे. उद्या घेऊन येतो.'

दुसऱ्या दिवशी दुपारी पिवळी गाडी खोल्यांसमोर उभी राहिली. रवी तिशीतला, आडदांड गडी. खाली वाकून गाडीतून निघाला आणि मामांकडं न जाता आधी मामींच्या पाया पडला.

"आत्या, वळखलं का? मी खालच्या आळीच्या दत्तूचा."

माहेरच्या गावचं लेकरू. मामींनी त्याच्या तोंडावरून हात फिरवला, बोटं मोडली. "किती मोठा झालास रं! बस, च्या टाकते."

"च्या नंतर. आधी मामांची गाडी." आत्याचा नवरा म्हणून मामा. तो गाडीखाली शिरला. मामा बाजूला पाठमोरे उभे. आतून रवी बोलतच होता, "मामा, आमच्या गावात माझ्या गाडीला काय म्हनत्यात म्हाईत हाय का? आत्याच्या गाडीवानी गाडी. म्या पैसे घातले माझे आन नाव तुमचं! म्हातारी मानसं रोज इचारत्यात, खरी कवा येनार?"

मामा हलले नाहीत. म्हणाले, "समद्यांकडंच हाय आता. खरी काय आन खोटी काय."

तेव्हा मामी बोलल्या. चहाचा कप हातात, आवाज नेहमीचाच.

"अवो, तीस वरीस लाल बस चालवली. राज्यभर समद्या लालच. मग तुमची कोंची, हे डेपोत डोळे मिटून कसं वळखायचा? त्या येवढ्या लाल गाड्या बघून तुमाला कंदी कमीपना वाटला न्हाई. उलट हात वर करायचा. आन आता कावून तोंड फिरवताय?" कप रवीसाठी गाडीजवळ खाली ठेवला. "मला गाडी दावायची न्हाई कुनाला. मला बसून जायाचंय."

 गाडीखालून रवीचे फक्त पाय दिसत होते, तेही हलायचे थांबले. मामा गाडीकडं वळले. मग मला म्हणाले, "बीएस्सी, पाना दे त्याला. बसलीय नुस्ती बघत."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मामी हिरव्या साडीत पुढच्या सीटवर बसल्या. बसायला वेळ लागला, गुडघे दुखत होते, आधी पाठ टेकवून मग पाय आत घ्यावे लागले. मामांनी इंजिन चालू केलं आणि गाडी सोडलीच नाही. नुसते समोर बघत बसले. मी म्हटलं, आता काय झालं या माणसाला? मामींना कळलं. त्यांनी बांगड्यांचा हात पुढं करून समोरच्या पत्र्यावर दोनदा वाजवलं. टणटण. गाडी निघाली.

शाळेच्या ब्रेकरवर फळ्या लावायला मी हौसेनं गेले असं नाही, मामांनी हुकूम केला म्हणून पळत गेले. फळ्या लावल्या, गाडी सरकत चढली, सरकत उतरली. फळ्या मी मागं, रात्री नव्यानं केलेल्या लाडवांच्या पिशवीशेजारी कोंबल्या. "जा आता," मामा म्हणाले, "कॉलेज संपलं तरी पळतीयस."

तेवढ्यात समोरून निळी गाडी आली. इरफानभाई दुकान उघडायला निघाले होते. सवयीनं लाईट मारला त्यांनी, हात मात्र केला नाही, उत्तर मिळत नाही हे माहीत होतं. मी मामांच्या पाठीकडं बघत होते. लाल गाडीच्या खिडकीतून एक हात बाहेर आला, खाकी बाहीची सवय असलेला, कोपरात सरळ. आणि वर झाला. इरफानभाईंनी गाडी तिथंच थांबवली आणि मागं वळून बघत राहिले.

मामांना मी बघितलं ते तेवढंच. ते परत यायच्या आतच, पुढच्याच आठवड्यात मला नांदेडला नोकरी लागली, खोली सोडली. आता जिल्ह्यात तशा एकवीस गाड्या आहेत, असं ग्रुपवर कळतं. मामा ग्रुपमध्ये आहेत. काही लिहीत नाहीत, पण बाहेरही पडलेले नाहीत.

त्या दिवशी दुपारी रवीनं तलवाड्याहून फोन केला होता. मामी माहेरी पोचल्या. केजपासून तलवाड्यापर्यंत पुढच्या सीटवर बसून गेल्या. वाटेत त्यांना कुणीही उठवलं नाही.